वायफाय जोडलेलं दिसतं पण 'नो इंटरनेट' येतं, वरच्या मजल्यावर दुसरा राउटर लावल्यापासून हा त्रास आहे. काय करू?

तुमच्या प्रश्नातून जे कळलं ते असं: खाली फायबरवाल्यांचा राउटर आहे, वर रेंज येत नाही म्हणून घरातलाच जुना राउटर लॅन पोर्टमध्ये (घरातली यंत्रं जोडायची जागा) वायर लावून जोडला, आणि तेव्हापासून लॅपटॉपवर 'नो इंटरनेट'. मोबाइल कधी चालतो, कधी नाही. लाइन तपासायला आलेला माणूस सगळं ठीक आहे म्हणाला. तो खरंच बोलला असणार, कारण तो खालच्या डब्यापाशी तपासतो आणि तिथे काही बिघडलेलंच नाही. म्हणून प्लॅन बदलणं, विंडोज पुन्हा टाकणं यात कृपया पैसे घालवू नका.

तुम्ही आयपी (लॅपटॉपचा नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१.१०३ आणि गेटवे (नेटकडे जाण्याचा दरवाजा, म्हणजे राउटरचा पत्ता) १९२.१६८.१.१ असा दिलाय. दिसायला अगदी बरोबर, म्हणूनच हा दोष लवकर लक्षात येत नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू झाला असता तर लगेच कळलं असतं की डीएचसीपीकडून (राउटरमधली, यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) उत्तरच आलं नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक पत्ता घेतला. तुमच्याकडे बहुधा उलट झालंय, पत्ते वाटणारे दोन आहेत. कितीतरी राउटर कारखान्यातून १९२.१६८.१.१ हाच पत्ता आणि डीएचसीपी चालू अशा अवस्थेत येतात. तुमचे दोन्ही तसेच असतील तर लॅपटॉपचं पॅकेट (डेटाचा तुकडा) कधी खालच्या राउटरकडे जातं, कधी वरच्याकडे. वरच्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरचं नेट आत येण्याची जागा) वायरच नाही, त्यामुळे तिकडे गेलेलं बाहेर पडतच नाही.

अंदाजावर राहू नका, खात्री करून घ्या. नेट चालू असताना कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'एआरपी -ए' ही कमांड द्या, अर्थात इंग्रजी अक्षरांत. यादीत १९२.१६८.१.१ समोर सहा जोड्यांचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) दिसेल, तो लिहून ठेवा. नेट गेलं की पुन्हा तीच कमांड द्या. मॅक बदललेला दिसला तर दुखणं हेच. कुठला मॅक कुणाचा ते राउटरच्या खालच्या स्टिकरवरून कळतं (शेवटच्या जोडीत थोडाफार फरक असू शकतो, तो चालतो).

आता दुरुस्ती. वरच्या राउटरची खालून आलेली वायर काढा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि लॅपटॉप फक्त त्या राउटरला वायरने जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. लॅन सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, सेव्ह करा, मग नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद करा. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी आधी बंद केलं तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि सेटिंगचं पान उघडायला हाताने आयपी घालत बसावं लागेल. मग खालची वायर पुन्हा लॅन पोर्टमध्येच लावा, वॅन रिकामा राहू दे.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. खालच्या राउटरची डीएचसीपी रेंज २ पासून सुरू होत असेल तर तो १९२.१६८.१.२ उद्या एखाद्या मोबाइललाही देऊन बसेल. ती रेंज १०० ते २०० करून टाका.

शेवटी लॅपटॉपमध्ये आयपी आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) दोन्ही 'ऑटोमॅटिक'वर आहेत ना, ते बघा. कुणीतरी आधी हाताने आयपी भरून ठेवलेला असतो आणि तो तसाच राहतो. वायफाय बंद-चालू करा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग ८.८.८.८' ही कमांड द्या, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरकडून उत्तर येतं का ते कळेल. उत्तर आलं पण वेबसाइट उघडत नसेल, तर प्रश्न फक्त डीएनएसचा उरतो.

खालच्या राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यांनी सुरू होताना दिसला तर घाबरू नका. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्यासाठी कंपन्या ही रेंज वापरतात. बाहेरून घरचा सीसीटीव्ही बघायचा असेल तर ती अडचण ठरते, तुमच्या या त्रासाशी तिचा संबंध नाही.

एआरपीमध्ये मॅक बदलत नसेल तर दोन्ही वेळचं 'आयपीकॉन्फिग /ऑल' इथे टाका, मी बघतो.