'नाही' म्हणेपर्यंत कळ सोडू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. दीडपट वेगाने ऐकला तरी सात मिनिटं गेली. त्यात दोनदा कुकरची शिट्टी झाली, एकदा आईने तुला जेवायला हाक मारली आणि अगदी शेवटी तुझा प्रश्न आला, की 'ताई, दिवसभर टाइप करून बोटं आणि वेळ दोन्ही पुरत नाहीत, तर मी सगळं काम बोलूनच करायला लागू का?' अकरा मिनिटं न थकता बोलणारा माणूस हे विचारतोय, याची मला गंमत वाटली.

कर सुरू. फक्त 'सगळं' नको. आणि ज्या कारणासाठी तू हे करायला निघालायस ते कारण मला पटत नाही, म्हणून एवढं लांबण.

तुझा हिशेब असा आहे: टायपिंग मिनिटाला चाळीस शब्द, बोलणं दीडशे, म्हणजे काम जवळपास चौपट. तू ज्या अभ्यासाचा दाखला दिलास तो २०१६ चा, स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी बायडू या चिनी कंपनीच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेवर केलेला. त्यात बोलून लिहिणं इंग्रजीत तिप्पट वेगाचं ठरलं खरं, पण ते फोनच्या कीबोर्डच्या तुलनेत. दहा बोटांनी लॅपटॉप बडवणाऱ्याशी ती तुलनाच नव्हती. शिवाय शेतीऔषधांच्या दुकानांसाठी एकट्याने सॉफ्टवेअर करताना तू दिवसभरात खरोखर टाइप किती वेळ करतोस, हे एकदा मोज. दुकानदारांचे फोन, चुका शोधणं, एआयने लिहून दिलेला कोड वाचणं, स्क्रीनकडे बघत बसणं हे सगळं वजा कर. जे उरेल त्याच्या चौपट झालं तरी तुझ्या दिवसात फार मोठी भर पडणार नाही.

माझी आई लघुलेखिका होती. आमच्या घरात टायपिंगच्या ३० आणि ४० च्या परीक्षा, शॉर्टहँडच्या ८०, १००, १२० च्या परीक्षा हे विषय इतर घरांत पावसाचे असावेत तसे निघायचे. तिला दोन साहेबांचं डिक्टेशन घ्यावं लागे. एक साहेब सावकाश बोलायचे, पण बोलावण्याआधी दोन मिनिटं खिडकीतून बाहेर बघत बसायचे. त्यांची पत्रं जेवणाच्या सुट्टीआधी टाइप होऊन सहीला जायची. दुसरे धडाधड बोलायचे, मध्येच 'नको, ते काढा' म्हणायचे आणि एकेक पत्र तीनदा टाइप व्हायचं. आई म्हणायची, दुसऱ्या साहेबांचा स्पीड जास्त आहे, पण माझा वेळ तेच जास्त खातात. तुझ्या लॅपटॉपमधली लघुलेखिका 'नको, ते काढा'सुद्धा इमानेइतबारे लिहून ठेवते.

मग फायदा कुठे आहे? टाइप करताना आपण कंजूष होतो, बोलताना होत नाही. तुझ्याच कामातलं उदाहरण घे. एआयला तू टाइप करून सांगितलंस, 'स्टॉक रिपोर्टमध्ये एक्सपायरीचा फिल्टर टाक.' त्याने टाकला आणि तो तुला आवडला नाही. आता तीच गोष्ट मेसेजमध्ये तू मला कशी सांगितलीस बघ: 'दुकान उघडल्या उघडल्या मालकाला बघायचं असतं की येत्या दोन महिन्यांत कुठलं औषध बाद होतंय, कारण कंपनीला परत द्यायचं तर आधी कळवावं लागतं. एकाच औषधाच्या तीन-तीन बॅच असतात, नवीन खोके पुढे लागतात आणि जुने मागे राहतात. छाटणीनंतरच्या गर्दीत पोऱ्या काउंटरवर असतो, त्याला दोन टिचक्यांच्या वर काही करायला लावलं तर तो करणारच नाही.' यातलं एक वाक्यही तू टाइप केलं नसतंस. आणि फिल्टर कसा हवा हे नेमकं त्यातच आहे. बोलून वेळ वाचला नाही तरी चालेल, पण हे जे एरवी तुझ्या डोक्यातच राहून जातं ते बाहेर येतं. माझ्या मते डिक्टेशन वापरायचं ते एवढ्यासाठी.

म्हणून सुरुवात इथून कर: दुकानदाराचा फोन ठेवलास की लगेच, चहाला उठायच्या आधी, दोन मिनिटं बोलून टिपण. काय मागितलं, का मागितलं, आणि त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे. 'उधारी बागेवर लिही, माणसावर नको' असं कुणी म्हणालं असेल तर तेच लिही. 'ग्राहकाला प्लॉटनिहाय येणे रक्कम हवी आहे' असं सभ्य करू नकोस. तासाभराने तुला सभ्य वाक्यच आठवेल.

आता माझी फजिती सांगते, कारण ही सूचना तुला इंग्रजी व्हिडिओंत मिळायची नाही. दोन वर्षांपूर्वी मी एका ग्राहकाला निरोप बोलून लिहिला: 'पंधरा तारखेपर्यंत नवीन रिपोर्ट देणं जमणार नाही.' कळ दाबून धरायची, बोलायचं, सोडायची, अशी माझी पद्धत. मी कळ जराशी लवकर सोडली. गेला तो निरोप असा: 'पंधरा तारखेपर्यंत नवीन रिपोर्ट देणं जमणार.' त्यांनी ऑडिटरला सोळा तारीख देऊन टाकली आणि मी दोन रात्री जागले. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीलाच येऊन जातो. आपला 'नाही' आणि 'नको' शेवटी बसतो, नेमका तिथे, जिथे आवाज पडतो, श्वास संपतो आणि अंगठा उचलला जातो. तेव्हापासून वाक्य संपल्यावर मनात 'एक' म्हणते आणि मग कळ सोडते. बाहेर जाणारा प्रत्येक निरोप वाचताना आधी शेवटचा शब्द बघते.

कळ दाबून धरायची पद्धत मात्र सोडू नकोस. माइक चालू ठेवून बसणं धोक्याचं, कारण ही यंत्रं शांततेत गप्प बसतीलच असं नाही. सध्याच्या बऱ्याच साधनांच्या पोटात व्हिस्पर नावाचं, बोललेलं लिहून काढणारं मॉडेल असतं. ओपनएआयने ते सप्टेंबर २०२२ मध्ये खुलं केलं, ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकवलेलं. ते आवाजाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे घेतं आणि प्रत्येक तुकड्यात कोणते शब्द असावेत याचा अंदाज बांधतं. तुकड्यात नुसताच पंखा असला तरी अंदाज बांधायचं काही ते सोडत नाही. २०२४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा सुमारे एक टक्का तुकड्यांत कुणीच न बोललेला मजकूर सापडला, आणि बोलताना लांब लांब थांबणाऱ्यांच्या वाट्याला तो जास्त आला. तू विचार करत थांबणारा आहेस. थांबायचं असेल तेव्हा कळ सोड.

मराठीचं वेगळंच. त्या लाखो तासांत मराठीचा वाटा अगदी किरकोळ, त्यामुळे मराठी दिलं की शब्द मोडतात. मराठी टिपणांसाठी फोनवरचा जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, मला अधिक बरा वाटतो. त्यात २०१७ पासून मराठी बोलून लिहिता येतं. पण खरी पंचाईत आपल्या धेडगुजरीची. 'इनव्हॉइस सेव्ह केल्यावर लेजर रिफ्रेश होत नाहीये' हे वाक्य कुठल्या भाषेचं हे आपल्यालाच ठाऊक नाही, तर यंत्राने काय करावं? एआयला सांगताना एक परिच्छेद एका भाषेत बोल. तुझं इंग्रजी अडखळत असेल तर सरळ मराठीत बोल, त्याला कळतं. फंक्शनांची आणि फाइलींची नावं मात्र हाताने घाल.

तुझ्या धंद्यातल्या, म्हणजे द्राक्षावरचे रोग, छाटणी आणि औषधं यांच्या शब्दांची एक यादी कर: भुरी, डाऊनी, करपा, खरड छाटणी, बोर्डो, जीए, तुझ्या दुकानांची आणि गावांची नावं. बहुतेक साधनांत असे शब्द आधीच देऊन ठेवायची सोय असते. मी गंमत म्हणून परवा बोलून पाहिलं, तर 'भुरीचं औषध'चं 'बुरीचं औषध' झालं. यादी आटोपशीर ठेव. व्हिस्पर शब्दांचे बारीक तुकडे (टोकन) करून वाचतं, आधी दिलेल्या यादीतले शेवटचे जेमतेम २२४ टोकन त्याच्या लक्षात राहतात, आणि देवनागरीत एकेका शब्दाचे बरेच टोकन पडतात. दोनशे औषधांची नावं कोंबलीस तर त्यातली बरीचशी वाया.

आकडे बोलूच नकोस. 'पावणेदोन हजार', 'साडेसतराशे' हे तुझ्या दुकानदाराला कळतं, यंत्राच्या हातून त्याचं काय होईल सांगता येत नाही. जीएसटी क्रमांक, बॅच नंबर, दर, पासवर्ड सगळं बोटांनी. आणि चिडलेल्या ग्राहकाला उत्तरही बोटांनीच. बोलताना राग शब्दांत उतरतो. टाइप करता करता तो निम्मा निवतो.

माइकबद्दल एकच सांगते. लॅपटॉपचा माइक खोलीतला सगळा घुमारा ऐकतो, म्हणून तोंडाजवळचा हवा. ब्लूटूथचे इअरफोन माइक चालू झाला की बरेचदा आवाजाचा दर्जा उतरवतात. जुना वायरवाला इअरफोन शोध, ड्रॉवरमध्ये असेलच.

ग्राहकांची माहिती कुठे जाते, हा तुझा प्रश्न चांगला होता. तासगावातला कुठला बागायतदार कुणाचं किती देणं लागतो हे तुझ्या आवाजातून परक्या सर्व्हरवर जाऊ नये असं वाटत असेल, तर जॉर्जी गेर्गानोव्ह या प्रोग्रामरने व्हिस्पर साध्या लॅपटॉपवर चालेल असं करून ठेवलंय, फुकट. ते इंटरनेट नसतानाही चालतं, आणि छोटं मॉडेल लावलंस तर झपाट्याने. चुका थोड्या जास्त होतात. उधारीच्या टिपणांसाठी मी तेच वापरलं असतं.

हल्ली काही साधनं बोललेलं आपोआप घासूनपुसून देतात. छान वाटतं. पण त्यात तुझं 'बहुतेक' उडतं. तू म्हणतोस, 'बहुतेक हे जुन्या डेटामुळे होतंय, मी बघितलं नाहीये अजून.' ते लिहितं, 'ही समस्या जुन्या डेटामुळे उद्भवते.' आठवड्याने तूच ते वाचशील आणि खरं मानशील. तुझ्या शेजारी 'अरे, पण बघितलंस का?' म्हणणारं कुणी बसलेलं नाही. म्हणून कच्चा मजकूरही जपून ठेव.

आणि इथेच मला तुझी खरी काळजी वाटते. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रेय कार्पथी यांनी लिहिलं होतं की आपण एआयशी बोलून कोड लिहवून घेतो, कीबोर्डला क्वचितच हात लावतो. ते वाक्य सगळ्यांनी उचललं. शनिवार-रविवारच्या फेकून द्यायच्या प्रयोगांना हे ठीक आहे, असंही त्यांनी तिथेच लिहिलं होतं. ते फार कुणी उचललं नाही. तुझ्या सॉफ्टवेअरवर माणसांची वर्षभराची उधारी आहे. दोन मिनिटं बोललास की चारशे ओळी येतात आणि त्या वाचायला एक माणूस आहे, तू. मी पहिल्या महिन्यात एका संध्याकाळी पाच नव्या सोयी बोलून टाकल्या होत्या, फार काम केल्यासारखं वाटलं. त्यातल्या चार पुढे मीच काढल्या. आता नियम केलाय: आधीचं वाचून संपल्याशिवाय नवं बोलायचं नाही. पाळते का? आठवड्यातून चार दिवस.

ग्राहकाला पाठवायचं उत्तरही बोललं की तिप्पट होतं. बोलून घे, मग दोन ओळींवर आण. दुकानदार काउंटरवर उभ्याने वाचतो.

बोटांबद्दल तू ओझरतं बोललास. दुखतायत का? टॅव्हिस रड नावाच्या प्रोग्रामरने हातांच्या दुखण्यामुळे आवाजावर कोड लिहायची पद्धत बसवली आणि २०१३ च्या पायकॉन या पायथॉन प्रोग्रामरांच्या परिषदेत ती करून दाखवली, पण त्यासाठी त्याला स्वतःची हजारावर आवाजी आज्ञांची बोली तयार करावी लागली. तसं काही असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, आणि मला नीट कळव. ते पत्र वेगळं होईल.

एक गोष्ट तुझ्या मेसेजमध्ये नव्हती, पण ऐकू आली. तू दिवसभर कुणाशी बोलत नाहीस. दुकानदारांचे फोन सोडले तर आई आणि लॅपटॉप. एकट्याने धंदा करणाऱ्याचं हे असं होतं, माझंही झालं होतं. प्रोग्रामर मंडळी टेबलावर रबरी बदक ठेवून त्याला चूक समजावतात, निम्म्या वेळा सांगता सांगताच चूक सापडते. डिक्टेशनचा तोही एक उपयोग आहे आणि मला तो आवडतो. पण बदक उलट विचारत नाही. महिन्यातून एकदा सांगलीला जाऊन तुझ्यासारख्या दोघा-तिघांना भेट, आणि तिथे लॅपटॉप उघडू नकोस.

हे पत्र मी गच्चीत फेऱ्या मारत बोलले. बावीस मिनिटं. नंतर खाली बसून हाताने दीड तास कापलं, मूळच्यातलं अर्धंही उरलेलं नाही. एका जागी 'साहेबांची पत्रं'चं 'साहेबांची पात्रं' झालं होतं. आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ हसत होती.

एक्सपायरीचा स्क्रीन रविवारी बघते. काय अडतंय ते शनिवारपर्यंत पाठव, आणि कृपा करून लिहून.

तुझी,
ताई