नेहमी नऊशे येणारं लाईट बिल एकदम 7,840 आलं, ऑफिसात म्हणतात ‘आधी भरा’. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घरात दोघंच, एसी नाही, तरी बिल आठ पटींच्या वर गेलं. बिल हातात घ्या आणि मीटरपाशी जा. आज मीटरवर दिसणारा आकडा बिलावरच्या ‘चालू रीडिंग’पेक्षा कमी असेल, तर निम्मं भांडण तिथेच जिंकलात. मोबाईलवर फोटो काढा, मीटर नंबर आणि आकडा दोन्ही त्यात दिसले पाहिजेत.

आमच्या आईचं हेच झालं होतं. ती तालुक्याच्या गावी एकटी राहते, बिल हजार-अकराशे. एका महिन्यात 10,900 आलं. मी इकडून फोनवर उलटतपासणी घेत बसलो, गिझर चालू राहिला का, पाहुणे होते का. ती म्हणाली, ‘अरे, आकडाच चुकलाय त्यांचा.’ कॅलेंडरवर दुधाच्या खुणांखाली ती दर महिन्याला मीटरचा आकडा लिहून ठेवते. वडिलांची सवय, तिने मोडली नाही. मागील रीडिंग 3998, मीटरवर 4127, आणि बिलावर 4727. एकाचा सात झालेला. बिलावर छापलेल्या फोटोत काचेवर पडलेल्या उन्हाशिवाय काही दिसत नव्हतं. 129 युनिटचे 729 झाले, पैसे मात्र दसपट, कारण स्लॅब. 100, 300 आणि 500 युनिटच्या पुढे प्रत्येक टप्प्याला दर चढतो.

ऑफिसात तिला सांगितलं, ‘काकू, भरून टाका, पुढच्या महिन्यात आपोआप ॲडजस्ट होईल.’ ती भरायला निघालीच होती. हे ‘आपोआप’ फार महागात पडतं. पुढच्या महिन्यात खरं रीडिंग मागच्यापेक्षा कमी भरतं, मग मीटरच नादुरुस्त धरून सरासरीचं बिल येऊ शकतं, आणि गुंता वाढत जातो.

म्हणून तोंडी काही नको. साधा अर्ज लिहा: ग्राहक क्रमांक, मीटर नंबर, बिलाचा महिना, बिलावरचं रीडिंग, मीटरवरचं रीडिंग, सोबत फोटो आणि मागच्या सहा महिन्यांची बिलं. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला खळखळ केली तर त्यांच्यासमोरच स्पीड पोस्टाचं नाव काढा. आमच्याकडे शिक्का लगेच सापडला होता.

आता ‘आधी भरा’बद्दल. बिल न भरता नुसतं बसून राहू नका, तीच चूक बहुतेक जण करतात. विद्युत कायदा 2003 चं कलम 56(1) वाचा. थकबाकीसाठी वीज तोडायची तर आधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि बिलावर वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे हरकत नोंदवून, भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत लाईट तोडता येत नाही. म्हणजे तुमच्या बाबतीत नऊशेच्या आसपास. अर्जात हे कलम लिहा आणि तेवढीच रक्कम भरून घ्यायला सांगा. आईचं बिल तीन आठवड्यांत दुरुस्त होऊन आलं.

आकडा बरोबर निघाला तर मागची बिलं काढा. दोन-तीन महिने सरासरीवर गेले असतील आणि आता खरं रीडिंग घेतलं असेल, तर साठलेले युनिट एकदम आलेत. 2020 च्या लॉकडाऊननंतर जूनमध्ये राज्यभर जो गहजब झाला तो यातूनच: रीडिंग बंद, थंडीतल्या वापराच्या सरासरीवर बिलं, आणि उन्हाळाभर सगळे घरात. अशा वेळी युनिट खरे असतात, पण ते त्या-त्या महिन्यांत विभागून स्लॅब लावलाय का ते तपासा. सगळे एका महिन्यात कोंबले असतील तर तक्रारीला जागा आहे.

मीटर पळतोय असं वाटत असेल तर आधी घरचा प्रयोग. मेन स्विच बंद करा. मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत राहिला, तर मीटर ते स्विच या टप्प्यात गळती आहे किंवा कुणीतरी तुमच्या जिवावर उजेड पाडतंय. मग फक्त 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून दहा मिनिटं लुकलुक मोजा. मीटरवर एका युनिटला 3200 पल्स (म्हणजे तेवढ्या वेळा लुकलुक) लिहिलं असेल तर साधारण 53 भरायला हवेत. सत्तर-ऐंशी भरले तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज करा. मीटर सदोष ठरला तर महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त मागच्या तीन महिन्यांचंच बिल दुरुस्त होतं, म्हणून वर्षभर कुढत बसू नका.

पुढच्या वर्षी आईचं बिल पुन्हा चढलं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तपासणी मागितली. मीटर चोख. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ ठिबकत होता आणि गिझर दिवसरात्र चालू. तो अर्ज मी अजून लपवून ठेवलाय.

मीटर नवीन बसवला असेल तर बदलीच्या कागदावर जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग काय लिहिलंय ते जरूर बघा.

उपविभागात दाद लागली नाही तर कंपनीचा तक्रार निवारण कक्ष, मग ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यावर विद्युत लोकपाल. मंचाकडे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, वकील लागत नाही. वीजचोरी किंवा अनधिकृत वापराचा ठपका असलेलं बिल मात्र मंचात चालत नाही, त्याची वाट वेगळी.

तुमच्या बिलावरचं मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि आजचा मीटरचा आकडा इथे टाका. ग्राहक क्रमांक नको. बघून सांगतो.