विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी मध्यवर्ती इमारत बांधायची आहे. आराखड्याची सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमचं विद्यापीठ बडोद्याबाहेर हायवेलगत आहे, विद्यार्थी साधारण 8,000, त्यातले निम्म्याहून जास्त अपडाउन करणारे, आणि स्टुडंट सेंटरसाठी नेमलेल्या समितीवर तुम्ही विद्यार्थी प्रतिनिधी आहात. समितीने सगळ्या विभागांकडून खोल्यांची यादी मागवली आहे आणि त्या यादीत विद्यार्थ्यांच्या वतीने काय घालावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं म्हणणं, यादी तूर्त बाजूला ठेवा. मी वास्तुविशारद आहे, बडोद्यातच शिकलो आणि इथल्याच शाळा-कॉलेजांच्या इमारतींवर काम करतो. खोल्या मागवून सुरू झालेल्या आराखड्याचं पुढे काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. प्रत्येक जण आपापली खोली मागतो, थोडी वाढवूनच मागतो. बेरीज मंजूर क्षेत्रफळाच्या पुढे जाते. मग काटछाट सुरू झाली की पहिली कात्री लागते ती कुणाच्याच नावावर नसलेल्या जागेला. व्हरांडा अरुंद होतो, चौक जातो, जिन्याशेजारचा कट्टा जातो. उरते ती ऑफिसांची इमारत, फक्त पाटीवर विद्यार्थ्यांचं नाव असलेली.

त्यामुळे समितीला आधी हे विचारा: या कॅम्पसवर स्वतःची जागा कुणाला नाही? प्राध्यापकांना केबिन आहे, ऑफिसातल्या माणसाला टेबल आहे, हॉस्टेलच्या मुलाला निदान एक खाट आहे. डभोई, आणंद, करजण, गोध्र्याहून येणाऱ्या मुलीला काय आहे? सकाळी अंधारात घर सोडायचं, गाडी किंवा एसटी पकडायची, दहाला एक तास संपला की पुढचा दुपारी एकला. मधले तीन तास ती कुठे असते? लायब्ररीत बोलता येत नाही, कँटीनमध्ये काही घेतल्याशिवाय फार वेळ बसवत नाही, बाहेर चहाच्या हातगाडीवर मुलांचा घोळका. ही इमारत आधी तिच्यासाठी आहे असं एकदा ठरलं की निम्मे वाद आपोआप मिटतात.

खोल्या मोजण्याआधी तास मोजा. सगळ्या फॅकल्टींची टाइमटेबलं मागवून एकावर एक ठेवा, म्हणजे कोणत्या तासाला किती जण मोकळे असतात ते दिसेल. मग सेमिस्टरच्या मध्यावर, परीक्षा किंवा उत्सव नसलेल्या आठवड्यात, कॅम्पसच्या नकाशाच्या प्रती काढा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा दर तासाला फिरून कोण कुठे बसलंय ते टिंबांनी मांडा. मुलं, मुली वेगळ्या रंगांनी. डबा घेऊन बसलेल्यांना वेगळी खूण. जिन्याच्या पायऱ्या, पार्किंगमधल्या बाइकच्या सीट, पाण्याच्या टाकीची सावली, सगळं टिपा. जमलं तर पावसाळ्यात एकदा आणि एप्रिलच्या उन्हात एकदा पुन्हा करा. हे काम विद्यार्थीच करू शकतात, त्याला पैसे लागत नाहीत, आणि बैठकीत कुलगुरूंसमोर तो नकाशा पसरला की कुठल्याही विभागाच्या मागणीपत्रापेक्षा जास्त बोलतो.

त्या नकाशातूनच जागा सापडेल. विद्यापीठाकडे बहुतेक वेळा एखादा रिकामा कोपरा असतो, आणि बांधायला सोपा म्हणून तोच पुढे केला जातो. त्याला ठाम विरोध करा. ही इमारत गेटपासून वर्गांकडे आणि वर्गांकडून लायब्ररीकडे जाणाऱ्या रोजच्या वाटेवर हवी. खरं तर ती वाट इमारतीच्या पोटातून जावी. मुद्दाम चारशे मीटर चालून कुणी गप्पा मारायला जात नाही. वास्तुविशारद अच्युत कानविंदे मूळचे सिंधुदुर्गातल्या आचऱ्याचे. त्यांनी साठच्या दशकात आयआयटी कानपूरचा आराखडा केला तेव्हा गाड्या बाहेर ठेवल्या आणि लायब्ररी, वर्ग, प्रयोगशाळा सावलीच्या पादचारी मार्गांनी जोडल्या. चालता चालता माणसं एकमेकांना भेटतात, हे त्यांनी नकाशातच गृहीत धरलं होतं.

या प्रकारच्या इमारतीचा इतिहास समितीला थोडक्यात सांगायला हरकत नाही. अमेरिकेत अशा इमारतीला स्टुडंट युनियन म्हणतात. तिथलं पहिलं खास बांधलेलं युनियन म्हणजे फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं ह्यूस्टन हॉल, 1896 सालचं. एका दांपत्याने तिथेच शिकलेल्या आणि पुढे वारलेल्या मुलाच्या स्मरणार्थ ते दिलं होतं, आणि त्यात पोहण्याचा तलाव आणि बिलियर्ड्ससुद्धा होतं. 1928 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात मेमोरियल युनियन उघडलं. लोकांना ते आठवतं ते आतल्या दालनांपेक्षा तळ्याकाठच्या मोकळ्या गच्चीमुळे. आपल्याकडे चंदीगडला पंजाब विद्यापीठाचं स्टुडंट सेंटर आहे, गोल इमारत, वर चढत जाणारा रॅम्प आणि भोवती हिरवळ. आणि बडोद्याच्या माणसाला तर दूर जायची गरजच नाही. सयाजीरावांनी 1879 मध्ये उभी केलेली कमाटीबाग सयाजीगंजातल्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीला लागूनच आहे. फाइन आर्ट्सच्या कित्येक पिढ्या तिथे झाडाखाली बसून चित्रं काढत मोठ्या झाल्या. तिकीट नाही, काही विकत घ्यायची सक्ती नाही. तुमचं विद्यापीठ हायवेवर आहे, तिथे बाग नाही, म्हणून बागेचं ते काम इमारतीला करावं लागणार आहे.

आता कँटीनचा हिशोब, कारण समितीत सगळ्यात जास्त अंदाजपंचे याबाबतीत चालतं. 8,000 पैकी दुपारी साडेबारा ते दोन या वेळात पाचातला एक जण आला असं धरू. 1,600 माणसं झाली. एक जण अर्धा तास बसतो, म्हणजे दीड तासात तीन पंगती. एका पंगतीला साधारण 530 खुर्च्या. टेबल-खुर्ची आणि मधली वाट मिळून माणशी 1.4 चौरस मीटर धरले तर बसायची जागा 750 चौरस मीटरच्या आसपास. स्वयंपाकघर, भांडी घासायची जागा, कोठार मिळून आणखी 250. हा आकडा तुमच्या नकाशावरच्या टिंबांनी बदलेल, पण पद्धत हीच ठेवा. कुणी हवेतून “दोनशे सीटचं कँटीन” म्हणालं तर कागद पुढे करा. भिंती, जिने, वाटा यांना वर तिसरा हिस्सा लागतो, तोही सुरुवातीलाच धरा, नाहीतर काटछाटीची वेळ हमखास येते.

डबेवाल्या मुलांना मात्र कँटीनच्या दारातून परत पाठवू नका. घरचा डबा आणणारा विद्यार्थी बहुधा पैशाच्या ओढीतला असतो. त्याला त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलावर बसता आलं पाहिजे. डबा गरम करायची सोय, हात धुवायला रांगेने नळ आणि थंड पाणी, एवढं पुरे. “बाहेरचे पदार्थ आणू नयेत” अशी पाटी लागणार नाही, हे कँटीनच्या करारातच लिहून घ्या. करार करतानाच आणखी एक पाहा. निविदा सर्वांत जास्त भाडं देणाऱ्याला दिली की ते भाडं चहाच्या कपातून वसूल होतं. भाडं नाममात्र ठेवा आणि चहा, सेव-उसळ, थाळी यांचे दर बांधून स्वच्छतेवर स्पर्धा लावा.

मुलींबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बैठकीत हा विषय “एक गर्ल्स कॉमन रूम देऊ” एवढ्यावर संपवला जातो. ती खोली हवीच. पाठ दुखत असेल तर आडवं व्हायला जागा, पॅड मिळायची आणि टाकायची सोय, पुरेशी स्वच्छतागृहं, सगळं हवं. पण ती खोली दिली म्हणजे बाकीची इमारत मुलांची, असा अर्थ होता कामा नये. मुली कुठे बसतात ते तुमच्या नकाशात नीट पाहा. जिथून दोन बाजूंना निघता येतं, जिथे येणारं-जाणारं माणूस दिसतं आणि संध्याकाळी उजेड असतो, अशा कडेच्या जागा त्या निवडतात. म्हणून बसायच्या जागा भिंतीच्या आतल्या कोपऱ्यांत कोंबू नका. वाटेच्या कडेने द्या, लहान लहान गटांच्या, पाठीला आधार असलेल्या. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांची ओसरी आठवा. घरात न शिरता, रस्त्यावर न राहता तिथे तासन्‌तास बसता येतं. तुमच्या इमारतीला चारी बाजूंनी निदान तीन मीटर खोल अशी ओसरी मिळाली तर मी बाकीच्या बऱ्याच गोष्टी सोडून देईन.

सेवांच्या खिडक्या एकाच मजल्यावर, एकाच हॉलमध्ये आणा: बोनाफाईड, रेल्वे आणि एसटीच्या पासासाठी लागणारा दाखला, फी, डिजिटल गुजरात या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मदत, ट्रान्सक्रिप्ट. अपडाउन करणाऱ्याची गाडी चुकली तर तो रात्री घरी पोहोचतो, म्हणून एका सहीसाठी तीन इमारती फिरायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. टोकन, बसायला बाकं आणि दुपारच्या सुट्टीतही उघडी राहणारी निदान एक खिडकी.

समुपदेशन केंद्राची जागा फार विचारपूर्वक ठरवा. त्याचं दार कँटीनसमोर नको, आणि एकट्या निर्जन मजल्याच्या टोकालाही नको. दोन्हीकडे जाणारा माणूस ओळखू येतो. ते सेवांच्या हॉलमधून निघणाऱ्या साध्या पॅसेजमध्ये ठेवा, जिथे बँक, शिष्यवृत्ती, आरोग्य केंद्र यांचीही दारं आहेत. मग तिकडे वळलेला मुलगा कशासाठी गेला हे कुणाला कळत नाही. आत आवाज बाहेर न जाणारी भिंत आणि शक्य असेल तर बाहेर पडायला दुसरं दार. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2015 च्या नियमांप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आणि 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावीच लागते. त्यांनाही अशीच जागा द्या. केंद्र बंद असताना दारावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक ठळक लिहिलेला असू दे.

हवामान आणि पाणी. बडोदं 22.3 अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून 44 अंशांवर असतो, जूनमध्ये जवळजवळ डोक्यावर. म्हणून दक्षिणेला आडवा छज्जा पुरतो. पश्चिमेचं तिरपं ऊन मात्र छज्ज्याने अडत नाही. त्या बाजूला जिने, स्वच्छतागृहं, कोठारं टाका आणि बसायच्या जागा उत्तर-पूर्वेला व आतल्या चौकाभोवती ठेवा. नैर्ऋत्येचा वारा चौकापर्यंत पोहोचेल अशा फटी सोडा. दर्शनी भागाला काचेची भिंत सुचवली गेली तर वीजबिल कोण भरणार ते लेखी विचारा.

2019 आणि 2024 मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने शहराचं काय केलं ते तुम्ही पाहिलंच असेल. पाण्याबरोबर मगरी वस्तीत आल्या होत्या. तुमची जागा नदीपासून दूर असली तरी जवळचा कांस किंवा नाला कुठे तुंबतो ते आजूबाजूच्या गावच्या लोकांना विचारा. तळघर नकोच. विजेचं पॅनेल, जनरेटर, पंप वर घ्या. जोतं 900 मिलिमीटर उंच करायची वेळ आली तर 1:12 चढाचा रॅम्प 10.8 मीटर लांब होतो, मधला सपाट टप्पा धरून आणखी लांब. ही लांबी आजच नकाशात धरली नाही तर शेवटी मागच्या दाराला उभा, निसरडा रॅम्प चिकटवला जातो. व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याने सगळ्यांबरोबर पुढच्याच दाराने यायला हवं.

तळमजला वरच्या मजल्यांपासून वेगळा कुलूपबंद करता येईल असा ठेवा. ऑफिसं सहाला बंद होतील, पण ओसरी, कँटीन, स्वच्छतागृहं आणि चौक रात्री उशिरापर्यंत चालू राहतील. नवरात्रात चौकात गरबा होईल, गणपतीत आरती होईल. तो चौक लायब्ररीच्या आणि परीक्षा हॉलच्या बाजूला उघडू नका, म्हणजे दर वर्षी परवानगीचं भांडण होणार नाही.

आणि पुढच्या बैठकीत एक ठराव मांडा. बसायच्या मोकळ्या जागेला आराखड्यात स्वतंत्र नाव द्या, तिचे चौरस मीटर लिहा. वापराच्या एकूण क्षेत्रफळाच्या चौथ्या हिश्श्याहून ती कमी नको. समितीच्या बैठकीत विद्यार्थी प्रतिनिधी हजर असल्याशिवाय तो आकडा बदलता येणार नाही, हे इतिवृत्तात नोंदवून घ्या. वास्तुविशारद नेमायच्या आधी हे झालं पाहिजे, कारण एकदा नकाशे निघाले की आकडे हलवायला कुणी तयार होत नाही. टिंबांचा नकाशा तयार झाला की इथेच टाका, मी वेळ काढून पाहीन.