पाल चुकचुकली, पण तिनं पाहिलं काय?

प्रश्न : मी 52 वर्षांची आहे. एका सहकारी बँकेत 27 वर्षं कॅश काउंटरवर बसते. मुलीसाठी स्थळ आलंय. मुलगा इंजिनिअर, हसतमुख, निर्व्यसनी, घरचं सगळं व्यवस्थित. गेल्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन आलो. नाव ठेवायला जागा नाही. तरी जिना उतरताना माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि ती काही गप्प बसत नाही. आमचे हे म्हणतात, "तुझं नेहमीचंच आहे." पण हेच मन मला काउंटरवर दगा देत नाही. बंडलात खोटी नोट असली तर मोजता मोजता बोट थांबतं. का थांबलं ते सांगता येत नाही, पण नोट खोटीच निघते. मग इथं मनाचं का ऐकू नये?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुमच्या बोटाबद्दल मला यत्किंचितही शंका नाही. आधी त्याच्याबद्दलच बोलू.

नव्या 500 च्या नोटेच्या दोन्ही कडांना तिरप्या रेषा असतात, त्या आणि गांधीजींचं चित्र हाताला किंचित उठावदार लागतं. हे तुम्हाला कधीतरी कुणी शिकवलं असेल, पण मोजताना तुम्ही त्याचा विचार करत नाही. लाखो नोटा हातावरून गेल्यात. शिवाय तुम्हीच पत्रात पुढे लिहिलंय की सुरुवातीच्या वर्षांत दोन-तीनदा फसलात आणि पदरचे पैसे भरलेत. माझ्या मते तुमचं बोट तयार झालं ते त्या पदरच्या पैशांनी. चूक झाली, ती लगेच कळली, खिशाला झळ बसली. पुढच्या वेळी बोट जरा आधी थांबलं.

डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ या विषयात एकमेकांच्या विरुद्ध टोकाला होते. कानमन यांनी माणसाच्या अंदाजांच्या चुका दाखवण्यात हयात घालवली. क्लाइन आगीच्या बंबावरच्या माणसांबरोबर राहून त्यांचे अंदाज किती अचूक असतात ते टिपत होते. दोघांनी काही वर्षं चर्चा केली आणि 2009 साली एकत्र लेख लिहिला. त्यात निघालेलं साधं बोलणं असं : ज्या कामात गोष्टी काही एका नियमानं घडतात, आणि जिथं माणसाला भरपूर सराव मिळून आपलं बरोबर की चूक हे लवकर कळत राहतं, तिथं त्याच्या अंदाजावर भिस्त ठेवावी. एरवी जपून. मनाला किती ठाम वाटतंय याला त्यांनी पुरावा मानलं नाही. ठाम तर सगळ्यांनाच वाटतं.

आता हिशेब तुम्हीच करा. नोटा लाखो. जावई किती पाहिलेत? थोरल्या मुलीचं लग्न तुम्ही जमवलंत, म्हणजे हा दुसरा. आणि जे स्थळ नाकारलं ते पुढे कसं निघालं असतं, हे कधी कळतच नाही. काउंटरवर बोट थांबलेली नोट खरी की खोटी ते तिथंच कळतं, तसं इथं होत नाही. म्हणजे बोट तेच असलं तरी इथं त्याला शिकायला जागाच मिळालेली नाही.

माझंही सांगते, म्हणजे मी उपदेशाच्या पाटावर बसलेय असं वाटायला नको. कॉलेजात 31 वर्षं मानसशास्त्र शिकवलं. एकदा अधिव्याख्याता निवडायच्या समितीवर होते. एक तरुण आत आला, दोन वाक्यं बोलला आणि मला आतून वाटलं, हाच. भांडून त्याला घेतलं. वर्षभरात तो तासाला वेळेवर आला असं क्वचित घडलं. मग एके दिवशी स्टाफरूममध्ये त्याला फोनवर गावाकडे बोलताना ऐकलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याच्या बोलण्यात आमच्या सावंतवाडीकडचा हेल होता. माझा धाकटा काका अस्साच बोलायचा. मी निवड केली होती काकाची!

म्हणून मग पाल हाकलून द्यायची का? नाही, तिला विचारायचं की बाई, तू पाहिलंस काय. क्लाइन यांना अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या एका अग्निशमन अधिकाऱ्यानं सांगितलेला प्रसंग आहे. घराच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघराकडे आग दिसत होती. हा अधिकारी आणि त्याची माणसं बैठकीच्या खोलीत उभी राहून पाणी मारत होती. त्याला काय वाटलं कोण जाणे, सगळ्यांना बाहेर काढलं. पाठोपाठ जमीन खचली. आग खाली तळघरात होती. तो गृहस्थ आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे असंच समजत होता. क्लाइन यांनी प्रसंग पुन्हा पुन्हा बारकाईनं सांगायला लावला तेव्हा निघालं की खोली हवी त्यापेक्षा जास्त तापली होती, आणि एवढ्या तापलेल्या खोलीत आगीचा आवाज मात्र जवळजवळ नव्हता. ते त्याच्या कानांनी आणि कातडीनं टिपलं होतं, डोक्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आता तुमच्या पत्राकडे येते. दुसऱ्या पानावर एक ओळ तुम्ही खोडलीत. निळ्या शाईखालून ती वाचता येते. (छापू का, हे फोन करून विचारलं, तुम्ही 'बरं' म्हणालात.) 'त्याच्या आईंनी पोहे आणून दिले पण त्या शेवटपर्यंत दाराशीच उभ्या होत्या, बसा कुणी म्हटलं नाही.' पाल बहुधा इथं आहे. तिचा अर्थ काय, ते मला सांगता यायचं नाही. त्यांचे गुडघे दुखत असतील. गॅसवर दूध असेल. किंवा त्या घरात बाईनं पुरुषांपुढं बसायचं नसेल, आणि हे तुमच्या मुलीला लग्नानंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. पुन्हा जा, त्यांना तुमच्याकडे जेवायला बोलवा, आणि पाहा.

जाताना एक कागद घेऊन जा. कानमन विशी ओलांडताना इस्रायलच्या सैन्यात होते, तेव्हा नव्या शिपायांच्या मुलाखती घ्यायची पद्धत त्यांच्याकडे सुधारायला आली. आधीच्या मुलाखतींत गप्पा मारून ठरवायचे, आणि ते अंदाज फुसके निघायचे. कानमन यांनी सहा गुण ठरवून दिले. एकेका गुणाचे प्रश्न विचारायचे, लगेच मार्क टाकायचे, मग पुढचा गुण. मुलाखत घेणारे वैतागले, आम्हाला यंत्र केलंत म्हणाले. तेव्हा त्यांनी जोड दिली : सगळे मार्क टाकून झाले की डोळे मिटा, हा पोरगा शिपाई म्हणून कसा असेल ते डोळ्यांपुढं आणा आणि एक आकडा लिहा. गंमत म्हणजे तो डोळे मिटून दिलेला आकडासुद्धा चांगलाच उपयोगी ठरला. पण मार्क टाकून झाल्यावर. तुम्ही जिना उतरतानाच डोळे मिटलेत.

गुण तुम्ही ठरवा, मी ठरवणार नाही. घरातल्या बायकांशी बोलणं, पैशांबद्दल मोकळेपणा, रागावल्यावर काय करतो, असं काही. 'निर्व्यसनी' वगैरे बायोडेटातले शब्द नकोत.

आणि आता रागावू नका. तीन पानांच्या पत्रात मुलीला काय वाटतं याबद्दल एक शब्द नाही. ती त्याला फोनवर बोलते का, भेटली का, हसली का? एक कागद तिलाही द्या. तुमचा तिला दाखवायच्या आधी तिचा भरून होऊ दे, नाहीतर ती तुमचेच मार्क उतरवून काढेल.

प्रश्न : दोन नोकऱ्या हातात आहेत, एक पणजीला, एक पुण्यात. आई म्हणते देवाला कौल लावू. माझा विश्वास नाही. काय करू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आईबरोबर जा. विश्वासाचा प्रश्न बाजूला ठेव. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या लावील, तेव्हा तू पाकळीकडे बघू नकोस, स्वतःकडे बघ. कुठली पडावी असं वाटतंय, तेवढं ऐक.

माझ्या वडिलांनी गाव सोडून मुंबईच्या गिरणीत जावं की नाही, म्हणून कौल लावला होता. डावा पडला, म्हणजे नकार. वडील दोन मिनिटं गप्प, मग गुरवाला म्हणाले, पुन्हा एकदा लाव. मागं उभ्या असलेल्या आजीनं पदर खोचला आणि म्हणाली, "आता परत कित्याक इचारतंस? जा."