विषय : शाळेच्या स्नेहसंमेलनास येणेबाबत

«मावशी, मी 38 वर्षांची. 60 हजार वस्तीच्या एका 'ब' वर्ग नगरपरिषदेची मुख्याधिकारी. 2023 च्या जूनमध्ये इथे आले तेव्हा प्रशासकही मीच होते. आता निवडून आलेलं सभागृह आहे. माझा आठवडा सांगते. सोमवारी जिल्ह्याला आढावा, महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन. मंगळवारी वरिष्ठांची व्हीसी, म्हणजे व्हिडिओ बैठक, कधी दोन तास, कधी पाच. बुधवारी माहिती अधिकाराची अपिलं. गुरुवारी साइटवर. शुक्रवारी सभा, नाहीतर सभेची तयारी. मार्चभर शनिवार-रविवार करवसुली. फायली रात्री घरी, जेवणाच्या टेबलावर. नवरा दुसऱ्या शहरात प्राध्यापक, सासूबाई माझ्याजवळ असतात. मुलगा नऊ वर्षांचा. जानेवारीत त्याने माझ्या फायलींच्या गठ्ठ्यावर एक अर्ज ठेवला. 'प्रति, मा. मुख्याधिकारी. विषय : शाळेच्या स्नेहसंमेलनास येणेबाबत.' वर जा.क्र. (जावक क्रमांक) 1, खाली 'आपला विश्वासू' आणि सही. त्याच दिवशी सर्वसाधारण सभा होती. मी गेले नाही. अर्ज अजून माझ्या पर्समध्ये आहे. रविवारची संध्याकाळ झाली की छातीत धडधडतं. यंदा बदलीला पात्र आहे. अकार्यकारी, म्हणजे नुसतं टेबलावरचं पद मागू का? की नोकरीच सोडू?»

प्रिय मुली,

तुझं पत्र 22 मार्च 2026 चं आहे, म्हणजे रविवारचं. नऊ दिवसांवर मार्चअखेर. वसुलीची टक्केवारी, बिलं, निधी परत जाण्याची भीती, आणि यंदा त्यात पंधराव्या वित्त आयोगाचा कालावधीही याच 31 मार्चला संपणार. असल्या रात्री तू आयुष्याचा निर्णय घ्यायला बसलीस. आधी एवढं ऐक: मार्चमध्ये राजीनामा लिहायचा नाही, बदलीचा पर्यायसुद्धा ठरवायचा नाही.

आणि त्याच्याही आधी डॉक्टर. याच आठवड्यात. बीपी, साखर, ईसीजी, थायरॉइड. छातीतली धडधड कामामुळेच असेल असं तू धरून चालली आहेस. असेलही, पण ते डॉक्टरने म्हणू दे. तपासण्या ठीक आल्या आणि धडधड थांबली नाही, तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फोनवर मराठीत बोलता येतं. अधिकाऱ्याने असा फोन करू नये असं कुठल्याही सेवा नियमात लिहिलेलं नाही. मी या सेवेत तीस वर्षं काढली. रक्तदाबाची गोळी खिशात आणि वसुलीचा तक्ता हातात घेऊन फिरणारे किती सहकारी पाहिले, आणि त्यातले काही निवृत्तीपर्यंत पोचले नाहीत. म्हणून हे पहिल्यांदा लिहिलं.

आता तुझ्या आठवड्याकडे येते. मी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट खटकली. त्यात लेखापाल नाही. नगर अभियंता नाही. कर निरीक्षक, स्वच्छता निरीक्षक, कार्यालय अधीक्षक, कुणीच नाही. नगराध्यक्षांचा उल्लेख एकदाही नाही. एवढ्या मोठ्या नगरपरिषदेचा आठवडा तू सांगितलास आणि त्यात एकच माणूस आहे, तू.

हे कुठून आलं ते मला कळतं. 2021-22 मध्ये राज्यातल्या बहुतेक पालिकांच्या मुदती संपल्या, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न कोर्टात अडकला, निवडणुका लांबत गेल्या आणि मुख्याधिकाऱ्यांनाच प्रशासक म्हणून बसवलं. विषय मांडणारीही तूच आणि ठराव मंजूर करणारीही तूच. त्या काळात गावाला एक सवय लागली, की नळाचं पाणी असो, पथदिवा असो, घराचा उतारा असो, थेट मॅडमला फोन. आणि तुलाही सवय लागली, तो फोन उचलायची. मग 2 डिसेंबर 2025 ला मतदान झालं, महिनाअखेरीस नवं सभागृह आलं. लोकांनी आपली माणसं निवडून दिली. पण तू मात्र दोघांचं काम अजून एकटीच करते आहेस, सभागृहाचंही आणि प्रशासनाचंही. वर सभागृहाला सामोरं जाण्याचा ताण नव्याने आला आहे, म्हणजे ओझं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं.

तर ते परत दे. पाणीपुरवठा समितीला सभापती आहे ना? चौथ्या दिवशी पाणी येतं, कुठल्या भागाला कधी सोडायचं ते वेळापत्रक सभापती आणि पाणीपुरवठा अभियंता यांनी बसून ठरवावं, त्याच्यावर दोघांची नावं आणि नंबर घालावेत, जलकुंभावर आणि प्रभागात लावावं. व्हॉल्व्हमन आला नाही तर पहिला फोन अभियंत्याला, दुसरा सभापतींना. पंपहाऊसची मोटार जळाली, पाइपलाइन फुटून अर्धं गाव कोरडं पडलं, तेव्हा रात्री दोन वाजताही फोन तुला आलाच पाहिजे. गल्लीतल्या एका नळाला बारीक धार येते म्हणून येऊ नये. आणि हे तोंडी सांगून होत नाही. कामवाटपाचा लेखी आदेश काढ. कुठल्या विषयाचा कुठल्या टेबलावर निपटारा, काय तुझ्यापर्यंत यायचं आणि काय यायचं नाही. सुरुवातीला माणसं तरीही तुझ्याकडेच येतील. 'अभियंत्यांना भेटलात का?' एवढंच विचारायचं, प्रत्येक वेळी, न चिडता. दोन महिने लागतात.

नगरसेवकांबद्दल तुझ्या पत्राच्या पुढच्या पानावर जे लिहिलंस, ते मी इथे छापलेलं नाही. त्यावर मात्र मला बोलायचंय. माझी दुसरी की तिसरी नेमणूक असेल. सकाळी सात वाजता एक नगरसेविका माझ्या सरकारी घराच्या पायरीवर स्टीलची कळशी ठेवून उभी. कळशीत मातकट पाणी, वर तेलासारखा तवंग. 'प्या मॅडम,' म्हणाल्या. मी भडकले. ऑफिसला या, अर्ज द्या, असं काहीतरी बोलले. त्या गेल्या नाहीत. कळशी उचलून तिथेच कट्ट्यावर बसल्या. मग कळलं, पहाटे पाचपासून त्यांच्या दारात बायका जमल्या होत्या आणि त्यांच्या स्वतःच्या घरातही तेच पाणी आलं होतं. जलवाहिनी गटाराजवळून जाते हे त्यांनी दोन वर्षांत तीन सभांमध्ये मांडलं होतं, तिन्ही वेळा इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच आलं. त्या दिवशी आम्ही दोघी चिखलात उभ्या राहून खोदकाम पाहत होतो. नंतर त्या प्रभागाचं कसलंही काम निघालं की त्याच मला आधी सांगायच्या, काय खरं आहे आणि कोण उगाच ओरडतंय. तुला दिवसाला जे पन्नास फोन येतात, त्यांच्यामागे अशीच दारात जमलेली माणसं असतात. त्यांच्याशी वैर धरलंस तर एक फोन कमी होणार नाही. आठवड्यातून एक तास फक्त त्यांच्यासाठी ठेव, अधिकारी शेजारी बसवून. तोच प्रश्न पाच वेळा फोनवर येण्याऐवजी एकदा समोर येईल.

रात्रीच्या फायलींचं वेगळं आहे. तू लिहितेस, सात दिवसांच्या आत फाईल निघाली नाही तर विलंबाचा ठपका येईल म्हणून घरी नेते. 2005 चा बदल्यांचा आणि विलंबाचा कायदा सांगतो की कुणाही शासकीय कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. प्रत्येकाकडे! लिपिकाकडे अकरा दिवस, अधीक्षकाकडे नऊ दिवस आणि तुझ्याकडे एक रात्र, हे गणित त्या कायद्यात बसत नाही. टिप्पणीवर प्रत्येक टेबलाला आल्याची आणि गेल्याची तारीख घालायला लाव. महिनाभर नुसत्या तारखा बघ, कुणाला बोलू नकोस. फायली आपोआप दुपारी येऊ लागतील. आणि जी टिप्पणी 'मान्यतेस्तव सादर' एवढ्यावर संपते, ज्यात खालच्याने स्वतःचं मत लिहिलेलं नाही, ती वाचूच नकोस. परत पाठव. त्यांचा विचार तू रात्री साडेअकराला करते आहेस, वरणभाताच्या ताटाशेजारी.

झोप उडवणारी फाईल बहुधा आणखी वेगळी असते. तू सूचकपणे लिहिलंस, एका ठरावाबद्दल. तो बेकायदेशीर आहे असं तुला वाटतं आणि अंमलबजावणीसाठी दबाव आहे. यात धाडसापेक्षा कागद महत्त्वाचा. सभेतच तुझा अभिप्राय इतिवृत्तात नोंदव, शब्दशः. मग 1965 च्या नगरपरिषदा अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठव, ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार त्यांना आहे. पत्रात विशेषणं नकोत. कुठली तरतूद मोडते, कशामुळे, बस. आणि नगराध्यक्षांना पाठवण्याआधी स्वतः सांग, त्यांच्या केबिनमध्ये जाऊन. पेपरमध्ये वाचून कळलं तर ते अपमान समजतील, आणि ते स्वाभाविक आहे. एवढं केल्यावर तो विषय तुझ्या उशाखालचा राहत नाही.

पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून आला, पण पाणी, सफाई, अग्निशमन यांना शनिवार-रविवार कधीच नव्हता आणि त्यांच्या प्रमुखाला तो पूर्ण मिळेल असं मी तुला सांगणार नाही. मेमध्ये टँकर, जूनमध्ये नालेसफाई, पुढे गणपती. या पदाचं एवढं ओझं खरं आहे, ते कुणाला वाटून देता येत नाही.

पण रजा आहेत. तुझ्या पत्रात रजेबद्दल एकच वाक्य आहे, 'मागितली तर काय म्हणतील.' 2018 पासून राज्यातल्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा आहे, संपूर्ण सेवेत 180 दिवस, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत, वर्षाला जास्तीत जास्त दोन महिने. तू त्यातला एकही दिवस घेतलेला नाहीस. मुलगा नऊ वर्षांचा आहे, म्हणजे अर्धा काळ गेला. यंदा शाळेच्या सुट्टीत तीन आठवडे माग. अर्ज आत्ताच दे, कार्यभार कुणाकडे हेही त्यातच सुचव. पाणीटंचाईचं कारण सांगून कुणी नाही म्हणालं तर लेखी नकार घे आणि जुलैची तारीख टाकून दुसरा अर्ज दे.

माझी आई आजारी होती तेव्हा मी फायली दवाखान्यात मागवायचे. शिपाई गठ्ठा घेऊन यायचा, मी तिच्या उशाशी बसून सह्या करायचे. मला वाटायचं, दोन्ही सांभाळते आहे. एका दुपारी ती डोळे मिटूनच म्हणाली, 'अजून किती राहिल्यात गं?' मी म्हटलं, 'झाल्याच.' झाल्या नव्हत्या. त्यातली एकही फाईल आज मला आठवत नाही. काय होतं त्यात, रस्त्याचं मापन होतं की पगारपत्रक, काही नाही. तिचा आवाज आठवतो.

बदलीचं बोलू. जूनमध्ये तुझी तीन वर्षं पूर्ण होतात. अकार्यकारी पद मागण्यात कमीपणा नाही. चांगले अधिकारी मधल्या काळात टेबलावर जातात, पुन्हा फील्डवर येतात. नवऱ्याच्या शहरात जागा असेल तर मी म्हणेन, जरूर विचार कर, तिघं एका घरात राहाल. मात्र 'मी आई म्हणून कमी पडले' या शिक्षेपोटी मागू नकोस. वर सांगितलेलं सगळं एप्रिल आणि मे करून बघ. त्यानंतरही रविवारची संध्याकाळ तशीच जड वाटली, तर खुशाल टेबल माग, मी तुझ्या बाजूने आहे. नोकरी सोडण्याचं मात्र मला तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. सहा पानं लिहिलीस, त्यातलं दीड पान नव्या जलशुद्धीकरण केंद्राबद्दल होतं, गाळण्या कशा बसवल्या इथपर्यंत. सोडायला निघालेली बाई असं लिहीत नाही.

राहिला तो अर्ज. तू त्याला 'मुलाचा टोमणा' म्हटलंस. मला तसं वाटत नाही. नऊ वर्षांचं पोर आईला टोमणा मारायला अर्ज लिहीत नाही. त्याने घरात पाहिलंय की कागदावर लिहून गठ्ठ्यावर ठेवलं की आई वाचते, त्यावर काहीतरी लिहिते, आणि मग ते काम होतं. त्याने तुझ्यावर विश्वास ठेवला आणि तुझ्याच पद्धतीने मागितलं. विषय, मायना, जावक क्रमांक, सगळं बरोबर. त्यावर अजून काहीच शेरा नाही, होय की नाही तेही नाही, हे त्याला कळतंय.

स्नेहसंमेलन होऊन गेलं. ते तू परत आणू शकत नाहीस आणि त्याच्या बदल्यात सायकल किंवा मोबाइल आणायचा नाही. उत्तर लिही. कोऱ्या कागदावर, तुझ्या हाताने, टाइप न करता. संदर्भ : आपला अर्ज जा.क्र. 1. त्या दिवशी मी का आले नाही, ते एका वाक्यात. मला यायचं होतं, हे दुसऱ्या वाक्यात. त्याने स्टेजवर काय केलं होतं ते मला पत्रातून कळलं नाही, बहुतेक तू अजून विचारलेलंच नाहीस. ते विचार. आणि सुट्टीतल्या तीन आठवड्यांच्या तारखा खाली लिही, पण रजा मंजूर झाल्यावरच, आधी नाही. सही कर, घडी घाल आणि त्याच्या दप्तरात ठेव.

तुझी,
मावशी