रंगांचे अर्थ पाठ झाले, रंगचक्रही कळलं, तरी डिझाइन भडक किंवा गढूळ का दिसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'लाल म्हणजे ऊर्जा, निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग' ही यादी पाठ झाली आहे, रंगचक्रावरच्या जोड्याही माहीत आहेत, पण पोस्टर किंवा ॲपची स्क्रीन करायला घेतली की ती एकतर अंगावर येते नाहीतर मळकट दिसते. मग रंगांचं नेमकं काय शिकायचं, कुठल्या क्रमाने, आणि ब्रँडसाठी रंग निवडायचा कसा?

क्रमच उलटा झालाय, असं मला वाटतं. अर्थ सगळ्यात शेवटी बघायचे. आधी उजळ-गडद, मग रंगाची तीव्रता, मग शेजार. गढूळ दिसणाऱ्या डिझाइनमध्ये बहुतेक वेळा रंग बरोबर निवडलेला असतो, फक्त त्याचा उजळपणा फसलेला असतो.

तुमच्या एखाद्या स्क्रीनचा फोटो घ्या आणि तो कृष्णधवल करून बघा. शीर्षक, बटण आणि मागची पट्टी एकाच राखाडीत मिसळून गेली, तर नंतर कितीही रंग बदलले तरी ती स्क्रीन सुधारणार नाही. लाल पट्टीवर हिरवी अक्षरं हे नेहमीचं उदाहरण. चक्रावर दोघं समोरासमोर, म्हणून नवशिक्याला वाटतं की जबरदस्त कॉन्ट्रास्ट मिळाला. पण दोन्हींचा उजळपणा सारखा असेल तर अक्षरांच्या कडा थरथरल्यासारख्या दिसतात आणि दोन ओळी वाचून डोळे शिणतात. अक्षर वाचता येतं ते मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकामुळे.

याचं कारण डोळ्यात आहे. दिवसाच्या उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे पोपटीकडे झुकणाऱ्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. त्यामुळे स्क्रीनवरच्या पांढऱ्या रंगाच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के धरला जातो. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांतलं कॉन्ट्रास्टचं गणित याच आकड्यांवर चालतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ असावं, अशी त्यांची अट आहे. आता पांढऱ्यावर शुद्ध रंग ठेवून बघा: निळ्याला ८.५९ मिळतात, लालला जेमतेम ४, हिरव्याला १.३७ आणि पिवळ्याला फक्त १.०७. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं दिसत नाहीत हे सांगायला आकडा लागत नाही, पण शुद्ध लाल अक्षरंही छोट्या मजकुरासाठी नापास होतात हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

इथे सॉफ्टवेअरही आपल्याला फसवतं. रंग निवडायच्या पट्टीत ह्यू (कुठला रंग), सॅच्युरेशन (किती तीव्र), लाइटनेस (किती उजळ) असे तीन आकडे असतात. त्या हिशेबात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांचाही लाइटनेस ५० टक्के! डोळ्यांना विचाराल तर एक लख्ख आणि दुसरा जवळजवळ काळोखा. म्हणून फक्त ह्यूचा आकडा बदलत पाच रंगांचं पॅलेट काढलं की एक रंग ओरडतो आणि एक बुडून जातो. स्वीडिश सॉफ्टवेअर अभियंता ब्यर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये मांडलेली 'ओकेलॅब' ही रंग आकड्यांत मांडायची पद्धत यावर बरीच चांगली आहे. तिच्यात उजळपणाचा आकडा डोळ्यांना जाणवणाऱ्या उजळपणाच्या खूप जवळ जातो, आणि हल्लीचे ब्राउझर तिचंच 'ओकेएलसीएच' रूप थेट समजतात. पॅलेट त्यात बनवा, अर्धी डोकेदुखी जाईल.

तसं हे ज्ञान नवं मुळीच नाही. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने १९०५ मध्येच रंगाची मोजणी तीन वेगळ्या गोष्टींत केली: कुठला रंग, किती उजळ, किती तीव्र. सगळे रंग या तीन दिशांनी मांडल्यावर जो आकार तयार होतो तो छान गोल होत नाही, वेडावाकडा होतो. पिवळा उजळ असतानाच सर्वात तीव्र असतो. निळा-जांभळा मात्र गडद असताना. पिवळा गडद करायला गेलात की तो शेवाळी किंवा तपकिरी होणारच, कारण गडद आणि तरीही झगझगीत असा पिवळा अस्तित्वातच नाही. हे एकदा समजलं की 'ब्रँडचा रंग पिवळा आहे, त्यावर पांढरी अक्षरं हवीत' अशी मागणी आल्यावर तासन् तास छटा शोधत बसावं लागत नाही. अक्षरं काळी करायची आणि पुढे जायचं.

भडकपणाचं मूळ दुसरीकडे, तीव्रतेत. शिकाऊ डिझाइनमध्ये प्रत्येक रंग पूर्ण ताकदीचा असतो, आणि सगळेच एकदम बोलायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही. एक रंग झगझगीत ठेवा, तोही थोड्या जागेत, आणि बाकीच्यांची तीव्रता निर्दयपणे उतरवा. राखाडीसुद्धा अगदी कोरी घेण्यापेक्षा तिच्यात मुख्य रंगाचा किंचित अंश मिसळलेला असला की सगळी स्क्रीन एका घरातली वाटते. ६०-३०-१० हा नियम तुम्ही वाचला असेलच: साठ टक्के शांत रंग, तीस टक्के सोबतीचा, दहा टक्के उठावाचा. सुरुवातीला ठीक आहे, पण मला स्वतःला ॲपच्या स्क्रीनवर दहा टक्केही जास्तच वाटतात.

आता शेजार. माझ्या मते रंगसिद्धान्तातला सगळ्यात रंजक भाग हाच, आणि नेमका तोच याद्यांमध्ये नसतो. मिशेल शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या रंगाबद्दल तक्रार होती की निळ्या-जांभळ्या कापडात तो फिका पडतो. शेव्रल यांनी दुसरीकडचा काळा धागा आणून तुलना केली, तर रंगात खोट नव्हतीच. शेजारचे निळे-जांभळे धागे त्या काळ्याला डोळ्यांपुरता बदलत होते. यातून त्यांनी १८३९ मध्ये समकालिक विरोधाचा नियम मांडला: शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतात. (हे गृहस्थ १०२ वर्षं जगले, त्यामुळे आपल्या नियमाचा चित्रकारांवर झालेला परिणाम त्यांना डोळ्यांनी बघता आला.)

हे स्वतः करून बघा, कारण वाचून पटत नाही. एकच मध्यम राखाडी चौकोन घ्या आणि त्याच्या प्रती काळ्यावर, पांढऱ्यावर, गडद पिवळसर नारिंगीवर आणि निळ्यावर ठेवा. काळ्यावरचा उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा काळवंडेल. नारिंगीवर तोच निळसर झाक दाखवेल आणि निळ्यावर जरासा उबदार वाटेल. फाइलमधला कोड मात्र चारही ठिकाणी तोच. चित्रकार आणि कलाशिक्षक योझेफ अल्बर्स यांनी येल विद्यापीठात असेच रंगीत कागदांचे सराव करून घेतले, आणि त्यांचं शिकवणं १९६३ मध्ये पुस्तकरूपात आलं. एक रंग दोन वेगळे वाटतील असं करा, दोन रंग एक वाटतील असं करा, हा त्यांचा अभ्यासक्रम कुठल्याही अर्थांच्या यादीपेक्षा डोळा जास्त तयार करतो. 'हा निळा मघाशी छान दिसत होता, इथे मळका का झाला?' या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी शेजाऱ्यात असतं.

रंगचक्राबद्दल थोडंच सांगते. १७०४ मध्ये न्यूटनने प्रकाशाच्या पट्ट्याची दोन टोकं, तांबडा आणि जांभळा, वाकवून जोडली आणि चक्र तयार झालं. शाळेतलं तांबडा-पिवळा-निळा हे चक्र रंगद्रव्यं मिसळण्याच्या अनुभवातून आलेलं आहे. स्क्रीन लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची बेरीज करते. छपाई सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा वापरते. म्हणून 'विरोधी रंग' कुठला, हे चक्रागणिक बदलतं. शाळेच्या चक्रात निळ्यासमोर नारिंगी, स्क्रीनच्या चक्रात निळ्यासमोर पिवळा. दोन्ही जोड्या चालतात. चक्र तुम्हाला फक्त इतकं सांगतं की कोण कोणापासून किती दूर आहे. किती उजळ, किती तीव्र, किती जागा हे ते सांगत नाही, आणि तुमचं डिझाइन बिघडतंय ते याच तीन गोष्टींत.

उरले अर्थ. रंगांना अर्थ नसतो असं मी म्हणणार नाही. पण तो रंगाला चिकटलेला नसतो, ठिकाणाला चिकटलेला असतो. 'निळा म्हणजे विश्वास' घ्या. सुरक्षेच्या खुणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात निळा गोल म्हणजे आज्ञा: हेल्मेट घाला, हातमोजे घाला. नळावर निळा म्हणजे थंड. वेबपानावर निळी अधोरेखित अक्षरं म्हणजे इथे क्लिक करा. यात विश्वास कुठे आला? निळ्याचं सामर्थ्य सांगताना फेसबुकचा दाखला हमखास देतात, पण मार्क झुकरबर्ग यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही आणि निळा त्यांना सर्वात चांगला दिसतो, हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे.

लालचंही तसंच. बहुतेक देशांत शेअरबाजाराच्या पडद्यावर लाल म्हणजे भाव पडला. चीन, जपान आणि दक्षिण कोरियात लाल म्हणजे भाव चढला. पैशांशी संबंधित ॲप करताना यादीतला अर्थ वापरलात तर वापरणारा माणूस नफ्याला तोटा समजेल. उष्ण आणि शीत रंगांची गंमत तर आणखीच. पिवळसर, 'उबदार' म्हणून विकला जाणारा दिवा साधारण २७०० केल्विनचा (केल्विन हे तापमानाचं एकक) असतो आणि निळसर 'थंड' दिवा ६५०० केल्विनचा. आकाशातही निळसर तारे तांबड्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी तापलेले असतात. ऊब ही आपली आगीशी जोडलेली सवय आहे, आणि डिझाइनमध्ये सवयीलाच किंमत असते, हेही खरं.

'अमुक रंगाने माणसं तमुक वागतात' असले दावे मात्र चिमटीत धरूनच वाचा. १९७९ मध्ये सिएटलच्या नौदल तुरुंगातल्या एका कोठडीला विशिष्ट गुलाबी रंग दिला, कैदी शांत झाले असं जाहीर झालं, आणि तो 'बेकर-मिलर गुलाबी' जगभर गाजला. नंतरच्या काटेकोर प्रयोगांत तो परिणाम टिकला नाही. आजही तो रंग यादीत 'शांत करणारा' म्हणून मिरवतो.

अर्थासाठी मी दोनच प्रश्न विचारते. या क्षेत्रातल्या वापरणाऱ्यांना कुठल्या रंगाची कशासाठी सवय आहे? आणि रंग दिसलाच नाही तर अर्थ पोहोचतो का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण बारांपैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक कमी-जास्त प्रमाणात दिसत नाही. बायकांमध्ये हे प्रमाण दोनशेत एकाच्या आसपास आहे. फॉर्ममधल्या चुकीच्या भरलेल्या रकान्याला नुसती लाल चौकट आणि बरोबर रकान्याला हिरवी, एवढ्यावर थांबलात तर या लोकांना दोन्ही रकाने सारखेच. चिन्ह द्या, शब्द लिहा, उजळपणात फरक ठेवा. रंग त्यावर चढवा.

ब्रँडच्या रंगाचं विचारलंत, तर आधी त्या क्षेत्रातल्या दहा-पंधरा स्पर्धकांची बोधचिन्हं एका पानावर मांडा. कुठली जागा रिकामी आहे ते तिथेच दिसतं, आणि ते कुठल्याही मानसशास्त्रीय तक्त्यापेक्षा उपयोगी पडतं. मग निवडलेला रंग फोनवरच्या चिमुकल्या आयकॉनमध्ये, पांढऱ्यावर, डार्क मोडच्या काळ्यावर आणि कृष्णधवल छापील कागदावर बघा. डार्क मोडमध्ये तोच रंग जशाचा तसा ठेवू नका. काळ्यावर तीव्र रंग जास्तच पेटतो, म्हणून तिथे तीव्रता थोडी उतरवून उजळपणा थोडा वाढवलेली वेगळी छटा ठेवावी लागते. छपाई करायची असेल तर झगझगीत हिरवा आणि विजेसारखा निळा टाळा, कारण स्क्रीनवरच्या त्या छटा चार शाईंतून निघतच नाहीत. आग्रहच असेल तर त्या रंगाची वेगळी तयार शाई मागवावी लागेल, आणि तो खर्च ग्राहकाला रंग पक्का होण्याआधी सांगितलेला बरा.