विंडोज एक्सपीची जुनी हार्ड डिस्क नव्या संगणकाला जोडल्यावर निळा पडदा येतो, काय करावे?

आपल्या छापखान्यातील एक्सपीचा संगणक बंद पडला, त्यातील हार्ड डिस्क काढून आपण नव्या संगणकाला जोडली, आणि आता विंडोजचे चिन्ह क्षणभर दिसून निळा पडदा येतो, ज्यावर ‘स्टॉप’ या शब्दापुढे शून्यांच्या रांगेनंतर ७बी लिहिलेले असते, असे आपण कळवले आहे. पानांची मांडणी करणाऱ्या पेजमेकर या सॉफ्टवेअरमधील लग्नपत्रिका, बिलबुके, मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर आणि त्याचे डोंगल (जोडल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही असे छोटे उपकरण) हे सर्व नव्या यंत्रावर जसेच्या तसे चालेल का, हा आपला प्रश्न. मी सिंधुदुर्गात संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि छापखाने, पतसंस्था, आंबा बागायतदार यांच्याकडून हाच प्रश्न मला वारंवार येतो. माझे मत असे की, आपली एक्सपी वाचवता येईल, परंतु ती थेट नव्या यंत्रावर चालवण्याचा प्रयत्न आपण सोडून द्यावा.

सर्वप्रथम त्या डिस्कवरून संगणक सुरू करून पाहणे आजच थांबवावे. प्रत्येक प्रयत्नात डिस्कवर काही ना काही लिहिले जाण्याचा संभव असतो, आणि आपल्याजवळ तिची दुसरी प्रत नाही. डिस्क यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी, तो संगणक पेन ड्राइव्हवरील लिनक्सने सुरू करावा आणि डीडीरेस्क्यू या आज्ञेने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, एका फाइलमध्ये उतरवून घ्यावी. ही आज्ञा खराब भाग बाजूला ठेवून आधी चांगला भाग वाचते, म्हणून जुन्या डिस्कसाठी मी तिलाच पसंती देतो. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत डिस्कच्या सर्किटवरचे संपर्कबिंदू गंजलेले असणे मुळीच दुर्मिळ नाही. (ही डिस्क जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण किंवा महाड येथे पाण्याखाली गेलेली असेल, तर मात्र तिला वीज देऊच नये, ती विदा (डेटा) परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच न्यावी.) प्रतिमा तयार झाली की मूळ डिस्क कागदात गुंडाळून कपाटात ठेवावी आणि पुढचे सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत.

आता ७बी का येतो, ते पाहू. सुरुवातीचा भाग डिस्कवरून वाचण्याचे काम बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचे संगणक सुरू करणारे सॉफ्टवेअर, करते, म्हणूनच विंडोजचे चिन्ह दिसते; पण त्यानंतर बायोस बाजूला होते आणि एक्सपीला स्वतःच्या ड्रायव्हरने (हार्डवेअरशी बोलणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरने) डिस्क वाचावी लागते. एसटीने खाडीच्या काठापर्यंत आणून सोडावे आणि पलीकडे नेणारी होडीच नसावी, तशी तिची अवस्था होते. एक्सपी २००१ साली आली. आजचे मदरबोर्ड डिस्कशी ज्या एएचसीआय पद्धतीने बोलतात, तिचा ड्रायव्हर एक्सपीमध्ये मुळात नाही. बायोसमध्ये ‘आयडीई मोड’ हा डिस्कशी बोलण्याच्या जुन्या पद्धतीचा पर्याय असेल तर तो निवडून हा एक अडथळा दूर होऊ शकतो, पण त्याने प्रश्न संपत नाही. यूएसबी ३.० चा ड्रायव्हरही एक्सपीत नसल्याने कीबोर्ड आणि माऊस मुके राहू शकतात. एक्सपीतला, जुन्या मदरबोर्डप्रमाणे बसवलेला, हार्डवेअर हाताळणारा मूलभूत थर नव्या बोर्डाशी जुळेलच असे नाही. आणि ग्राफिक्स, ध्वनी, नेटवर्क यांचे ड्रायव्हर साधारण २०१३ नंतरच्या बोर्डांसाठी सहसा मिळत नाहीत. एनव्हीएमई ही नव्या पद्धतीची डिस्क किंवा केवळ यूईएफआयवर (बायोसची जागा घेणाऱ्या नव्या व्यवस्थेवर) चालणारा बोर्ड असेल, तर हा मार्ग बंदच समजावा.

म्हणून मी सुचवतो तो मार्ग व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेल्या दुसऱ्या संगणकाचा. नव्या संगणकावर आजची विंडोज किंवा लिनक्स असू द्यावी आणि तिच्या आत व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी चालवावी, कारण हे सॉफ्टवेअर एक्सपीला तिच्या काळातला, तिच्या ओळखीचा संगणक दाखवते. डिस्कची प्रतिमा व्हर्च्युअलबॉक्सच्याच आज्ञेने त्याच्या स्वरूपात बदलून घ्यावी, डिस्क साटा या नव्या पद्धतीच्या कंट्रोलरऐवजी आयडीई कंट्रोलरला जोडावी, आणि मेमरी एक जीबी द्यावी. पेजमेकरला तेवढी पुरते. एवढे करूनही ७बी येऊ शकतो, कारण जुन्या बोर्डाचा कंट्रोलर निराळा असतो. तेव्हा त्याच आवृत्तीच्या एक्सपीच्या सीडीने व्हर्च्युअल मशीन सुरू करून दुरुस्ती-इन्स्टॉल करावे. येथे लक्ष फार द्यावे लागते. पहिल्या पडद्यावर ‘आर’ दाबू नये, तो निराळ्या कामासाठी आहे. एंटर दाबून, एफ८ ने करार मान्य करून, जुनी विंडोज सापडल्याचे दाखवल्यावर मग ‘आर’ दाबावे. असे केल्याने हार्डवेअरची ओळख नव्याने होते आणि आपले प्रोग्रॅम, फॉन्ट व फायली जागेवर राहतात. डिस्कवर सर्व्हिस पॅक ३ (एक्सपीचा तिसरा सुधारणा-संच) असेल तर सीडीही त्याच पॅकची असावी. त्यानंतर एक्सपी पुन्हा सक्रिय करण्याची मागणी करील. संगणकाबरोबर मिळालेला ओईएम परवाना त्या यंत्रापुरताच असतो, सुटा विकत घेतलेला परवाना मात्र दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, हे ध्यानात असावे.

खरा निर्णय डोंगलवर ठरेल. ते यूएसबीचे असेल तर व्हर्च्युअल मशीनकडे सोपवता येते. ते जुन्या प्रिंटरच्या रुंद, पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टचे असेल, तर बाजारातले यूएसबी-ते-पॅरलल अडॅप्टर विकत घेऊ नये. ते प्रिंटरपुरते असतात आणि डोंगलला लागणारा थेट संपर्क देत नाहीत. अशा वेळी व्हर्च्युअल मशीनच्या मागे न लागता जी३१ किंवा जी४१ चिपसेटचा, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा जुना संगणक शोधावा, असे मी प्रामाणिकपणे सांगेन. असे संगणक दुरुस्तीच्या दुकानांत अजून मिळतात, त्यांतल्या कित्येकांवर पॅरलल पोर्ट असतो, त्यांचा डिस्क कंट्रोलर आयडीई पद्धतीचाच असतो, आणि एक्सपी त्यांवर विनातक्रार चालते. वरची दुरुस्ती-इन्स्टॉलची रीत तेथेही तशीच लागू पडते. फक्त प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवून ती वापरावी.

कोणताही मार्ग घेतला तरी एक्सपीला इंटरनेट देऊ नये. तिचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. व्हर्च्युअल मशीनमध्ये नेटवर्क कार्ड बंद ठेवावे आणि फायलींची देवाणघेवाण सामायिक फोल्डरने करावी. एक्सपी सुरू झाली की लगेच, नव्या कामाची वाट न पाहता, प्रत्येक महत्त्वाच्या मजकुराची फॉन्टसह पीडीएफ करून ठेवावी. आपले जुने मराठी फॉन्ट सर्व संगणकांना समजणाऱ्या युनिकोड पद्धतीचे नाहीत. ते हरवले तर पेजमेकरची फाइल उघडूनही पत्रिकेवर निरर्थक अक्षरेच दिसतील.

डोंगल कोणत्या पोर्टचे आहे आणि डिस्कची केबल रुंद पट्टीची आहे की अरुंद साटाची, एवढे कळवावे. त्यानुसार पुढच्या आज्ञा मी क्रमाने लिहून देईन.